दुसरा डोळा

कंपनीनं मला कसं फसवलं, ते मी आजवर कितीतरी जणांना सांगितलंय. मुलांना सांगितलंय, सुनेला सांगितलंय, दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगून झालंय. ऐकणारा हळहळतो. एवढं राबलात आणि शेवटी असे वागले होय, म्हणतो. मी मान हलवते. त्या गोष्टीत एक जागा आहे — तिथं आले की मी पाणी पिते, पदर सारखा करते आणि पुढच्या भागाकडे वळते. कुणाच्या लक्षात येत नाही. ती जागा मी कुणापुढे उघडलेली नाही. नवऱ्यापुढेही नाही. तो गेला तेव्हा त्याच्या मनात आपली बायको म्हणजे एक साधी, सरळ, जगानं फसवलेली बाई होती.

फसवलं होतं, ते खरंच आहे. पण — थांबा, नीट सांगते. माझी सवय आहे, घाबरले की मधूनच सुरू करते.

मी निपाणीकडची. शाळा पाचवीत सुटली. सुटली म्हणजे काय — वडील गेले, धाकट्या भावाला शिकवायचं ठरलं आणि मला तंबाखूच्या वखारीत बसवायचं ठरलं. परळच्या मावशीला कळलं तेव्हा तिनं निरोप धाडला, पोरीला इकडे पाठवा. मावशीचे यजमान चांगले होते, पण स्पष्ट बोलणारे. पहिल्याच दिवशी म्हणाले, ‘नोकरी लागली तर हे घर तुझंच. नाही लागली तर दिवाळीनंतर गाडीत बसवून देईन, वाईट वाटून घ्यायचं नाही.’ मी वाईट वाटून घेतलं नाही. पण त्या दिवसापासून दिवाळीला किती दिवस उरले ते मोजायला लागले. वखार आठवायची. ती खकाणा उडणारी हवा, खोकणाऱ्या बायका. परत जायचं नव्हतं मला. एवढंच होतं बघा सगळ्याच्या मुळाशी — परत जायचं नव्हतं.

लालबागच्या मागच्या अंगाला औषधांचा एक कारखाना होता. नाव सांगत नाही. तिथं इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या भरायचे. बोटभर लांबीच्या, मानेत निमुळत्या, वरचं तोंड जाळावर वितळवून बंद केलेलं. भरलेली प्रत्येक कुपी माणसाच्या डोळ्याखालून जायची. ते काम बायकांचं. समोर दिवा, दिव्यामागे अर्धा काळा नि अर्धा पांढरा पुठ्ठा. कुपी उलटी करायची, आतलं पाणी फिरवायचं आणि बघायचं. काळ्यावर केस, सुताचा तंतू दिसतो. पांढऱ्यावर काळपट कण दिसतात. काचेचा बारीक कण मात्र नशिबानंच दिसतो, क्षणभर चमकतो नि बुडतो. चांगली कुपी डावीकडे, खराब कुपी उजवीकडच्या तांबड्या ट्रेमध्ये.

मला घेतलं ते तळपदे साहेबांनी. गिरगावातलं जुनं घराणं, गोरापान माणूस, डोक्यावर एक केस नाही. त्यांनी मला शाळा विचारली नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवरची खालची बारीक अक्षरं लांबून वाचायला सांगितली. मी वाचली. ‘डोळे चांगले आहेत. उद्यापासून ये,’ म्हणाले. ज्या मुलीला कुणी कधी काही चांगलं आहे म्हटलं नव्हतं, तिला हे वाक्य केवढं वाटलं असेल, तुम्हीच सांगा.

बसायला जागा मिळाली शेवंताबाईंच्या शेजारी. मालवणकडच्या, लालबागच्या चाळीत राहायच्या, वयानं माझ्या आईएवढ्या. खात्यातल्या सगळ्यात जुन्या. हात संथ. एकेक कुपी अशी बघायच्या, जशी कोळणीकडची मासळी बघतात — कल्ले उघडून. आणि तोंड सतत चालू. एकदा एका कुपीत काळा केस निघाला, तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, ‘केस आसा गो. म्हणजे सायबाचो नक्की नाय.’ सगळं खातं हसलं. दारात साहेब उभे. तेही हसले, पण जरा उशिरा.

आमच्या खात्यात एक रीत होती. कुणी लिहून ठेवलेली नाही, कुणी शिकवलेली नाही. एखाद्या कुपीबद्दल शंका आली — काहीतरी हललं, पण दिसलं की भास झाला कळेना — की ती शेजारणीच्या हातात द्यायची. ‘तुझो डोळो लाव गो,’ शेवंताबाई म्हणायच्या. शेजारीण आपलं काम थांबवून बघायची. दोघींना ठीक वाटली तर डावीकडे. एकीलाही खटकली तर तांबड्या ट्रेमध्ये. याला आम्ही दुसरा डोळा म्हणायचो. शेवंताबाईंना माझ्यासारख्या नवख्या पोरीचा डोळा कशाला लागत होता? पण त्या द्यायच्या. मला वाटतं, मला माणसांत घ्यायची ती त्यांची पद्धत होती.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. गिरणगावात तेव्हा घरातलं माणूस घरात सापडायचं नाही. भिंती घोषणांनी भरलेल्या, संध्याकाळी मैदानात सभा, मध्येच दगडफेक, अश्रुधूर, संचारबंदी. शेवंताबाई मोर्चात जायच्या, पायात वहाण नसली तरी जायच्या. परत आल्या की घसा बसलेला. ‘बेळगाव, कारवार, निपाणी’ अशा आरोळ्या असायच्या ना, त्यातलं ‘निपाणी’ त्या मुद्दाम मोठ्यानं म्हणायच्या, माझ्यासाठी. मला म्हणायच्या, ‘भिया नको. तुझो गाव पण येतलो गो आमच्यात.’ मी कधी मोर्चात गेले नाही. नोकरी जाईल अशी भीती. माझ्या गावासाठी घसा फोडायचा तो त्यांनी, आणि मी घरी भाकऱ्या थापत बसायची.

अशाच एका गडबडीच्या दिवशी नमुने घेऊन साहेबांबरोबर मला फोर्टातल्या ऑफिसात पाठवलं होतं. परतताना कळलं, परळ-लालबागचे रस्ते बंद झालेत. साहेबांनी मला सरळ आपल्या गिरगावच्या घरी नेलं. दोन रात्री मी तिथं राहिले. त्यांच्या बायकोनं मला आत, आपल्या पंक्तीला बसवलं. कोळंबीचं भुजणं वाढलं, आपलं धुवट पातळ नेसायला दिलं. ‘मला काकू म्हण,’ म्हणाल्या. ‘परकेपणा नको हं इथे.’ मी ताटावर बसून रडले. काकूंना वाटलं तिखट झालं. त्या घरातून निघताना मी मनात म्हटलं होतं, या माणसांसाठी काय वाटेल ते करीन. म्हणताना बरं वाटलं. काय वाटेल ते म्हणजे काय, हा विचार कुणी करतं का त्या वयात?

मग फळा आला.

साहेब कसलंसं शिक्षण घेऊन आले होते, काम मोजायचं. म्हणाले, जे मोजता येत नाही ते सुधारता येत नाही. आमच्या खात्याच्या भिंतीवर काळा फळा लागला, त्यावर आमची नावं, आणि प्रत्येकीपुढे तीन रकाने. दिवसात किती कुप्या तपासल्या. साहेबांच्या किती पकडल्या. आणि वाया किती घातल्या. साहेबांच्या म्हणजे — ते स्वतः काही खराब कुप्या मुद्दाम आमच्या ट्रेमध्ये मिसळायचे, आमचं लक्ष आहे की नाही हे बघायला. त्या पकडल्या की गुण. जास्त तपासल्या की गुण. तांबड्या ट्रेमध्ये जास्त टाकल्या की गुण वजा. महिन्याच्या शेवटी जी वर तिचं कौतुक. जी खाली तिला बोलावणं.

तुम्हाला वाटेल, मी फळ्याला शिव्या देणार. आज देते. पण तेव्हा? तेव्हा मला तो देवासारखा वाटला. फळा येण्याआधी कोण चांगली कामगार हे मुकादमीण ठरवायची, आणि तिच्या गाववाल्या पोरीच नेहमी चांगल्या निघायच्या. फळ्याला माझं गाव दिसत नव्हतं. माझी पाचवी दिसत नव्हती. तिथं फक्त आकडा. मावशीच्या यजमानांना सांगता येईल असा, कुणी हिरावून घेऊ शकणार नाही असा आकडा. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, इथं माझ्यासारखीलाही वर जाता येईल.

पण वर जाता येईना. साहेबांच्या कुप्या पकडायच्या तर हळू बघावं लागे, हळू बघितलं की पहिला रकाना घसरे. घाईनं बघितलं की साहेबांच्या निसटत. पहिल्या महिन्यात माझं नाव खालून दुसरं. खाली फक्त शेवंताबाई. त्यांना त्याचं काही नव्हतं. मला मात्र जेवण जाईना. डोळे सुजले, पाणी यायला लागलं.

एका दुपारी शेवंताबाईंनी माझा हात धरला आणि माझा अंगठा एका कुपीच्या टोकावरून फिरवला. ‘हय बोट लाव. बोंडी गोल लागता ना? ही सायबाची.’ मग दुसऱ्या कुपीवरून फिरवला. ती टोकेरी होती. मशीनवर बंद केलेल्या कुपीचं टोक टोकेरी येतं. साहेबांच्या कुप्या मात्र प्रयोगशाळेत हातानं फोडून, आत कण घालून पुन्हा बंद केलेल्या, म्हणून त्यांचं टोक मण्यासारखं गोल. रोज त्याच कुप्या फिरायच्या. शेवंताबाईंना हे केव्हाच कळलं होतं. वापरत मात्र नव्हत्या. ‘डोळे दमले की मगच हां,’ मला म्हणाल्या. ‘रोज नाय. आणि कुणाक सांगू नको.’

मी कुणाला सांगितलं नाही. तेवढा शब्द मी पाळला.

रोज मात्र केलं. अंगठा ट्रेवरून फिरवायचा, गोल लागल्या त्या बाजूला काढायच्या. त्या दिव्यासमोर धरून मान हलवून ‘सापडली’ असं दाखवायचं. उरलेल्या? उरलेल्या दिव्यासमोरून नुसत्या जायच्या. हात फिरत होता, डोळे उघडे होते, पण मी बघत नव्हते. तांबड्या ट्रेमध्ये काय टाकणार — टाकलं की गुण वजा. मध्येच एखाद्या कुपीत काही चमकल्यासारखं व्हायचं. पूर्वी मी ती शेवंताबाईंच्या हातात दिली असती. आता दुसऱ्या डोळ्याला वेळ कुठला? शेजारणीचाही वेळ जातो, तिचाही आकडा पडतो. सगळ्यांनीच ते सोडलं होतं. एकट्या शेवंताबाई अजून कुपी पुढे करायच्या, आणि मी न बघताच ‘ठीक आहे, ठीक आहे’ म्हणायची. त्या क्षणभर माझ्याकडे बघायच्या आणि ती कुपी तांबड्या ट्रेमध्ये टाकायच्या.

दुसऱ्या महिन्यात माझं नाव सगळ्यात वर. साहेबांनी सगळ्यांसमोर म्हटलं, ‘सुमनचे डोळे म्हणजे घारीचे डोळे. शिका काहीतरी तिच्याकडून.’ मग मला चढतच गेलं. माझा आकडा बघून साहेबांनी सगळ्यांना रोज किती कुप्या करायच्या तो नेम वाढवला. एक करू शकते तर इतरांनी का करू नये? ते बरोबरच होतं त्यांच्या हिशेबानं. बायका माझ्याबरोबर डबा खायच्या बंद झाल्या. एक जण जाता जाता म्हणाली, ‘डोळ्यात काय घालतेस गं सुमन, गावठी तूप? आम्हालाही आण थोडं.’ मी हसले. हसत हसत पुढचा ट्रे ओढला.

फळ्यावर तीन रकाने होते. कुपीच्या आत काय राहून बाहेर गेलं, याला रकाना नव्हता. हे आज सुचतं असं नाही हं. मला तेव्हाही दिसत होतं. रोज दिसत होतं.

शेवंताबाई तळाला होत्या आणि तळालाच राहिल्या. नेम वाढल्यावर तर त्या फारच मागे पडल्या. त्या खरोखर बघायच्या, म्हणून कुप्या कमी व्हायच्या. त्यांना खराब दिसायच्या, म्हणून वाया जास्त जायच्या. साहेबांच्याही एखाद दुसऱ्या निसटायच्या, कारण त्या अंगठा लावत नव्हत्या. तीनही रकान्यांत वाईट. खात्यातली सगळ्यात चांगली तपासणारी बाई, आणि फळा बघणाऱ्याला वाटावं की हिला काही येत नाही.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत जिन्यावर त्यांनी मला गाठलं. ‘खरा सांग सुमन. तू बघतंस?’

मी म्हटलं, ‘बघते की हो.’

त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

पुढे त्यांना बोलावणं आलं. काढायचं ठरलं होतं, पण जुनी बाई, म्हणून मोठ्या साहेबांसमोर बाजू मांडायची संधी दिली. मलाही बोलावलं. का, ते मला तेव्हा कळलं नाही. मोठे साहेब टेबलामागे, तळपदे साहेब खिडकीशी, आणि शेवंताबाई मध्ये उभ्या, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, जशा मोर्चाला निघाल्यात. त्या म्हणाल्या, ‘साहेब, एवढ्या कुप्या माणसाला दिवसात बघता येत नाहीत. तुम्ही स्वतः दिव्यासमोर बसून बघा. जी एवढ्या करते ती बघत नाही.’ शक्य तितकं शुद्ध बोलत होत्या. माझं नाव घेतलं नाही. अंगठ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. काढला असता तर त्यांची नोकरी वाचली असती, आणि माझी गेली असती. हे त्यांना ठाऊक होतं. मलाही.

तळपदे साहेब माझ्याकडे वळले. आवाज अगदी मऊ. ‘सुमन, तू प्रत्येक कुपी बघतेस ना?’

मी म्हटलं, ‘हो साहेब. सगळ्या बघते.’

इथपर्यंत — इथपर्यंत तुम्ही मला कदाचित समजून घ्याल. पोरसवदा वय, परत जायची भीती. पण ती जागा ही नव्हे. ती पुढे आहे.

मला कुणी काही विचारलं नव्हतं. मोठे साहेब कागद सारखे करत होते, विषय संपत आला होता. शेवंताबाई माझ्याकडे बघत होत्या. रागानं नव्हे, नुसत्या बघत होत्या, कुपीकडे बघतात तशा. मला ते बघणं सहन होईना. आणि मी आपणहून बोलले. ‘शेवंताबाईंना आताशा नीट दिसत नाही, साहेब. कुपी धरतात आणि मला विचारतात, बघ गं, आत काही आहे का. रोज विचारतात.’

खोटं होतं का? शब्द एकही खोटा नव्हता. विचारायच्या त्या. रोज विचारायच्या. दुसरा डोळा मागायच्या. मी फक्त तो डोळा उलटा करून त्यांच्यावर रोखला.

मोठ्या साहेबांनी मान वर केली. ‘असं होय,’ म्हणाले. जणू एवढा वेळ जे अडत होतं ते सुटलं. अधू डोळ्यांच्या बाईला तपासणीवर ठेवणार कसं? आता त्यांना कुणाशी भांडायचं कारण उरलं नाही, दयाच दाखवता आली. शेवंताबाई काही बोलल्या नाहीत. एवढी बोलकी बाई. पदर खोचला आणि गेल्या. त्यांचा शेवटचा डबा माझ्या शेजारच्या फळीवर तसाच राहिला होता, तो मी दुसऱ्या दिवशी शिपायाबरोबर पाठवला. स्वतः गेले नाही.

यानंतरचं मी सगळ्यांना सांगते ते. साहेबांनी मला तपासणीची प्रमुख करायचा शब्द दिला होता. बाहेरून पाहुणे येणार होते, फळ्याची पद्धत बघायला. आदल्या दिवशी साहेब माझ्या बाकापाशी आले, वाकले, आणि हळूच म्हणाले, ‘उद्या पाहुण्यांसमोर अंगठा जरा कमी फिरव.’

एवढंच. आणि पुढच्या बाकाकडे गेले.

त्यांना माहीत होतं. केव्हापासून? पहिल्या दिवसापासून? त्या खोलीत, खिडकीशी उभं राहून मला मऊ आवाजात विचारताना — तेव्हाही? त्यांना कुप्यांतला कण नको होता, फळ्यावरचा आकडा हवा होता, आणि तो मी देत होते. मला घारीचे डोळे म्हणाले तेव्हा मनात हसत असतील का? काकूंनी दिलेलं पातळ मी अजून घडी करून ठेवलेलं. त्या घरात मी ताटावर रडले होते.

पुढे एका इस्पितळातून माल परत आला. कुप्यांत काच निघाली. कुणाच्या अंगात गेली होती की आधीच दिसली, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. माझ्या दिव्यासमोरून गेलेल्या किती कुप्या होत्या त्यात? सगळ्याच, कदाचित. साहेब चौकशीत म्हणाले, ‘मी मुलीच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला. आकडे तर तुमच्यासमोर होते.’ मला बाटल्या धुण्याच्या खात्यात धाडलं. प्रमुख झाली दादरची एक मॅट्रिक झालेली मुलगी. साहेबांची बढती होऊन ते फोर्टात गेले. फळा राहिला.

तेव्हा मी सांगू शकले असते — साहेबांना ठाऊक होतं म्हणून. पण ते सांगायचं तर अंगठा सांगावा लागला असता. अंगठा सांगायचा तर तो कुणी शिकवला ते, आणि मग त्या खोलीत मी काय बोलले ते. म्हणून मी गप्प बसले. आणि मग वर्षानुवर्षं मला फसवलं, मला फसवलं, म्हणत राहिले. हा शब्द उच्चारायचा हक्क त्या खोलीत एकाच बाईला होता, आणि ती बोलली नाही.

राज्य झालं त्या दिवशी लालबाग-परळ दिव्यांनी भरलं होतं. पेढे वाटत होते. मावशीच्या यजमानांनी मलाही दिला, आणि मग त्यांचं तोंड जरा उतरलं. निपाणी आत आली नव्हती. मला शेवंताबाई आठवल्या, बसलेला घसा घेऊन माझ्या गावाचं नाव घेणाऱ्या. मी पेढा खाल्ला.

त्यानंतर काही वर्षांनी, लग्न होऊन मूल झाल्यावर, मी त्यांच्या चाळीत गेले. सांगायलाच गेले होते. वाटेत सगळं पाठ केलं होतं. शेवंताबाई शिवणाच्या मशीनवर बसलेल्या. चाळीतल्या बायकांची पोलकी शिवायच्या. मला बघून उठल्या नाहीत, पण ‘ये गो, बस’ म्हणाल्या, काल भेटल्यासारखं. पोर कुणावर गेलंय ते बघितलं. नोकरीचं विचारलं नाही. संध्याकाळ होत आलेली, दिवा लावलेला नव्हता. बोलता बोलता त्यांनी सुईत दोरा ओवला. चष्मा नव्हता. एका झटक्यात ओवला.

माझे पाठ केलेले शब्द तिथंच बसले.

मग त्यांनी मांडीवरचा अंजिरी कपडा माझ्यापुढे धरला, आणि त्यावर एक रीळ ठेवलं. ‘तुझो डोळो लाव गो. हो रंग तोच मा?’

मी म्हटलं, ‘हो. तोच आहे.’

मी बघितलंच नव्हतं. माझी नजर जमिनीवर होती.

शेवंताबाईंनी रीळ उचललं, खिडकीतल्या उजेडात नेऊन कपड्याशी धरून बघितलं. मग ते डब्यात परत ठेवलं आणि दुसरं काढलं.